हक्कसोडपत्र आणि १८७५ चं पंढरपूर

"सही करू का रे?"

मागच्या शुक्रवारी संध्याकाळी पंढरपूरहून मावशीचा फोन आला. मी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो, कानात हेडफोन, डोक्यात सोमवारचं रिलीज. काका २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेले. तेव्हापासून शेताच्या सातबाऱ्यावर वारस लावायचं काम राहूनच गेलेलं. आता दीर म्हणतायत की सोमवारी रजिस्ट्रारकडे जाऊ, तू हक्कसोडपत्रावर सही कर, म्हणजे कागद सुटसुटीत होतील. तुझं आणि पोरांचं आम्ही बघतोच आहोत की.

"तू शिकलेला आहेस, सांग ना. सही करू का?"

मी शिकलेला आहे हे खरं, पण काय शिकलोय? जावा आणि ओरॅकल. मी म्हटलं, थांब, उद्या येतो. सकाळी स्वारगेटहून एसटी पकडली. पाच-सहा तासांचा प्रवास, लॅपटॉप आणि मोबाईलवर वाचायला भरपूर वेळ. वारसा कायदा वाचायला घेतला आणि नेहमीप्रमाणे एका दुव्यावरून दुसऱ्यावर जात थेट दीडशे वर्षं मागे पोचलो. आणि गंमत म्हणजे पुन्हा पंढरपुरातच! आजचा लेख त्याबद्दल.

नवरंगे बालकाश्रम

पंढरपूरला ज्याचं बालपण गेलंय त्याला नवरंगे बालकाश्रम हे नाव नवीन नाही. वासुदेव बाबाजी नवरंगे हे मुंबईच्या प्रार्थना समाजाचे एक पुढारी, त्यांचं नाव या संस्थेला आहे. मी सुट्टीत मावशीकडे यायचो तेव्हा हे नाव शंभर वेळा ऐकलं असेल. अनाथ मुलांचा आश्रम, बस्स, एवढीच माहिती. तो का निघाला, हा प्रश्न कधी पडलाच नाही.

तर हा आश्रम १८७५ मध्ये सुरू झाला. सुरू करण्यात पुढाकार कोणाचा? लालशंकर उमियाशंकर त्रवाडी या गुजराती गृहस्थाचा. ते त्या काळात पंढरपूरला न्यायाधीश म्हणून नेमणुकीवर होते आणि प्रार्थना समाजाचे होते. (पुढे अहमदाबादेतही त्यांनी अनाथ मुलांसाठी असंच काम केलं.) आणि आश्रम मुळात होता तो नुसत्या अनाथ मुलांसाठी नव्हे. ते होतं बालहत्या प्रतिबंधक गृह. म्हणजे विधवा बाईने गुपचूप यावं, सुखरूप बाळंत व्हावं, मूल हवं तर घेऊन जावं, नाहीतर इथंच ठेवून जावं. कोणी नावगाव विचारायचं नाही.

न्यायाधीशाने हे काम हाती घ्यावं याचा मी बराच विचार केला. मला वाटतं कारण साधं असावं. अर्भकहत्येचे खटले कोर्टात येतात तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभं असतं? ती बाई. आणि त्या पोराचा बाप कुठे असतो? बहुतेक वेळा घरीच, कधी कधी तर तिच्याच घरी. हे रोज ज्याच्यासमोर येतं त्या माणसाला शिक्षा देऊन काही सुटत नाही हे लवकर कळत असेल.

आता पंढरपूरच का? वारीच्या गावाला जन्मलेला कोणीही सांगेल. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री... वर्षातून चार वेळा गावात गाव मावत नाही. गर्दीत कोण कुठली, कोणाबरोबर आली, कोणाला पत्ता? घरच्यांनाही सोयीचं, "तीर्थयात्रेला गेलीय" असं सांगायचं. नवरा गेलेल्या बायका उरलेलं आयुष्य काढायला तीर्थक्षेत्री येत त्या वेगळ्याच. ज्या गर्दीत आपण भक्ती बघतो, त्याच गर्दीत काहीजणी आडोसा शोधत होत्या. आणि नंतर चंद्रभागेच्या काठी, गल्लीबोळात टाकून दिलेली अर्भकं.

ही कल्पना लालशंकरांची पहिली नव्हती. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्येच असं गृह काढलं होतं. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत, पुढे डॉक्टर झाला. हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण पंढरपूरचं गृह वाचलेलं नसतं, आणि ते तर नंतरही टिकलं.

१८७५ नंतर सहा वर्षांनी, १८८१ मध्ये, सुरतेच्या बाजूला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला स्वतःचं अर्भक मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली (ती पुढे कमी करण्यात आली). त्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी बायकांच्या नीतीवर जे तोंडसुख घेतलं, त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून उत्तर दिलं. त्यांचा प्रश्न ढोबळमानाने असा की जे दोष बाईला चिकटवता ते पुरुषात नाहीत काय? दीडशे वर्षं होत आली, प्रश्न अजून ओपनच आहे.

पण लग्न का करत नव्हत्या?

इथे माझ्यासारख्या माणसाला लगेच प्रश्न पडतो. १८५६ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला होता ना? ईश्वरचंद्र विद्यासागरांनी झटून करून घेतलेला. मग १८७५ मध्ये गुपचूप बाळंत व्हायची वेळ का?

पहिलं उत्तर, समाज. कायदा झाल्यावरही मुंबई इलाख्यात विष्णुशास्त्री पंडितांना पुनर्विवाहोत्तेजक मंडळ काढायला १८६६ उजाडलं. १८६९ मध्ये मुंबईत वेणूबाई आणि पांडुरंग करमरकर यांचं गाजलेलं लग्न लागलं आणि पुरस्कर्त्यांवर बहिष्कार पडला. १८७० मध्ये पुण्याला शंकराचार्यांच्या पुढाकाराने शास्त्रार्थ झाला आणि त्यात सुधारक हरले. महादेव गोविंद रानडे सुधारकांचे पुढारी, पण १८७३ मध्ये पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचं चाललं नाही. विधवेशी नव्हे, अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न झालं. (त्या मुलीच्या पुढे रमाबाई रानडे झाल्या हा भाग निराळा.) हायकोर्टाचा न्यायमूर्ती होणारा माणूस घरात हरतो, तर पंढरपूरच्या वाड्यातल्या विशीतल्या मुलीची काय कथा?

दुसरं उत्तर मात्र मला एसटीत, टेंभुर्णीच्या आसपास मिळालं. कायद्याचं कलम २. आपण कोणी ते वाचतच नाही. कलम १ म्हणतं, विधवेचं लग्न कायदेशीर. टाळ्या! कलम २ म्हणतं, लग्न केलंस तर पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतले तुझे हक्क संपले, जणू काही तू त्या दिवशी मेलीस. हा माझा अलंकार नाही हं, कायद्याच्याच भाषेचा सरळ अर्थ असा आहे. मेली असं धरून इस्टेट पुढच्या वारसाकडे जायची. आणि कलम ३ प्रमाणे मुलांच्या पालकत्वासाठी सासरचे लोक कोर्टात अर्ज करू शकत होते.

म्हणजे नवीन आयुष्याचं बटण दाबलं की जुना सगळा डेटा डिलीट.

आता त्या इस्टेटीचं स्वरूपही बघा. मिताक्षरा पद्धतीत एकत्र कुटुंबातल्या विधवेला वाटा नाहीच, नुसतं अन्नवस्त्र. नवरा विभक्त असेल आणि मुलगा नसेल तरच मिळकत तिच्याकडे यायची, तीही हयातीपुरती. विकायची तर कायदेशीर गरज सिद्ध करा. ती गेल्यावर मिळकत नवऱ्याच्या वारसांकडे परत. आमच्या भाषेत सांगायचं तर रीड ओन्ली ॲक्सेस, तोही टेम्पररी.

याहून भारी पुढेच आहे. आसाममधल्या केरी कोलितानी नावाच्या विधवेवर सासरच्यांनी दावा लावला की ही बदफैली आहे, हिची मिळकत काढून घ्या. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि १८८० मध्ये निकाल लागला की एकदा वारसाने मिळालेली मिळकत नंतरच्या बदफैलीपणामुळे जात नाही. बाईचा विजय झाला, छानच झालं. पण हा निकाल आणि कलम २ शेजारी शेजारी ठेवा. विधवेने संबंध ठेवले, मिळकत राहिली. त्याच माणसाशी उजळ माथ्याने लग्न केलं, मिळकत गेली! ज्या कायद्याने लग्नाची वाट मोकळी केली, त्यानेच तिच्या पोटापाण्याचा हिशोब लग्नाच्या उलट बाजूला नेऊन ठेवला. मग गुपचूप बाळंतपणाची सोय करणारं घर लागणारच.

आणि हे फक्त उच्चवर्णीयांपुरतं राहिलं नाही. मराठी मुलखात कितीतरी जातींत पाट, मोहतूर लागायचे. विधवा दुसरा घरोबा करायची आणि त्यात कोणाला काही वाटत नसे. पाट लावण्यावर पूर्वी सरकारात पाटदाम नावाचा कर घेत, म्हणजे प्रथा किती सर्रास होती बघा. या बायकांना १८५६ च्या कायद्याची गरजच नव्हती. तरी १८९६ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्ण पीठाने ठरवलं की ज्या जातीत पुनर्विवाहाची चाल आधीपासून आहे, तिथेही लग्न केलेल्या विधवेची मिळकत जाणार. अलाहाबाद हायकोर्टाचं मत नेमकं उलट होतं. एकच कायदा, पण गंगेकाठी बाईची जमीन राहते आणि भीमेकाठी जाते.

वेशीवरची चप्पल

हे सगळं आपल्याकडचंच वेड आहे का, असं वाटून मी आणखी मागे गेलो. थेट प्राचीन हिब्रू समाजात. निमित्त पंडिता रमाबाईंचं. त्या स्वतः विधवा. नवरा १८८२ मध्ये वारला, १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणण्यात घालवली. १९२२ मध्ये त्या गेल्या, भाषांतर १९२४ मध्ये पूर्ण छापून निघालं. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या विधवांचे कायदे एका मराठी विधवेने केडगावात बसून मुळातून वाचले. त्यांना काय वाटलं असेल?

त्या कायद्यात विधवा (हिब्रूत अल्मना) वारसांच्या यादीत नाहीच. गणना या पुस्तकात क्रम दिलाय, मुलगा, मुलगा नसेल तर मुलगी, मग भाऊ, काका, जवळचा नातलग. बायको नाही. तिच्यासाठी वेगळी सोय. शेतात राहिलेली पेंढी, झाडावर उरलेली फळं विधवा, अनाथ आणि परक्यांसाठी सोडायची. विधवेचं वस्त्र गहाण घ्यायचं नाही. तिला छळलंत तर देव तुमच्या बायकांना विधवा करेल, अशी दमदाटीही आहे. हे सगळं वाचताना मला 'अन्नवस्त्र' हाच शब्द आठवत होता. हक्क नाही, दया आहे.

आणि दुसरी सोय दिराची. नवरा मुलाशिवाय मेला तर दिराने तिच्याशी लग्न करायचं, पहिला मुलगा मेलेल्या भावाच्या नावाने. आपल्याकडच्या जुन्या नियोगाच्या चालीची आठवण होते. दीर नाही म्हणाला तर? ही बाई गावच्या वेशीवर पंचांसमोर जाणार, त्याच्या पायातली चप्पल काढणार आणि त्याच्या तोंडावर थुंकणार. पुढे त्याच्या घराण्याला चप्पल काढलेल्याचं घर म्हणून नाव पडणार. मला हे फार आवडलं. बाईला वारसा नाही, पण चव्हाट्यावर तक्रार करायचा हक्क कायद्यानेच दिलेला.

उत्पत्तीच्या पुस्तकात तामारेची गोष्ट आहे, ती तर पंढरपूरच्या आश्रमाच्या दारातच शोभेल. तामार विधवा. सासरा यहूदा तिसऱ्या मुलाशी तिचं लग्न लावायचं टाळतो आणि तिला माहेरी पाठवतो. ती वेश पालटून रस्त्यावर बसते आणि सासऱ्यापासूनच तिला दिवस जातात. विधवा गरोदर आहे कळल्यावर हाच यहूदा हुकूम देतो, बाहेर काढून जाळा तिला. ती त्याची मुद्रा आणि काठी पुढे करते, ज्याच्या या वस्तू त्याचंच हे मूल. मग मात्र तो कबूल करतो की माझ्यापेक्षा हीच खरी. विजयालक्ष्मीकडे अशी काठी नव्हती. एवढाच फरक.

आणखी एक मजेशीर भाग. आपल्या कोकणातले बेने इस्रायली, ज्यांना शनिवार तेली म्हणत, ते याच परंपरेचे. पण पिढ्यान् पिढ्या आपल्या शेजारी राहून त्यांच्यातही विधवेचं लग्न नको असा रिवाज शिरला होता. त्यांच्या शास्त्रात विधवेच्या लग्नाला बंदी नाही, उलट दिराची सोय आहे. तरी शेजाऱ्याचं बघून शिकले! यावरून मी एवढंच म्हणेन की धर्मग्रंथात काय लिहिलंय यापेक्षा आळीत काय चालतं हे जास्त चालतं.

आता कायदा काय म्हणतो

कायदा बदलत गेला, हळूहळू. १९३७ मध्ये मुंबईच्या डॉ. गोपाळराव देशमुखांच्या प्रयत्नाने विधवेला मुलाइतका वाटा मिळाला, पण हयातीपुरताच. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने ती हयातीची अट काढली, कलम १४ प्रमाणे ती पूर्ण मालक. नवऱ्याने मृत्युपत्र केलेलं नसेल तर विधवा, मुलं, मुली आणि नवऱ्याची आई सगळे पहिल्या वर्गाचे वारस, सारखा वाटा. पुढे तिने लग्न केलं तरी तो वाटा जात नाही. आणि ते "जणू मेली" वालं १८५६ चं कलम? अख्खा कायदाच १९८३ मध्ये रद्द झाला.

म्हणजे बग फिक्स झाला म्हणायचा का?

इथेच मावशीचा फोन आठवा. कायद्याने तिला पूर्ण मालक केलंय. म्हणून तर तिची सही लागते! १८७५ मध्ये कोणी तिला सही करू का विचारायची वेळच येऊ दिली नसती. आज हक्क आहे, आणि तो सोडायला एक छापील कागद आहे, त्याचं नावच हक्कसोडपत्र. कायद्याने जे दिलं ते घरच्या ओट्यावर चहा पिता पिता परत घ्यायची ही पद्धत. सगळे दीर वाईट असतात असं नाही. मावशीचे दीर काका गेले तेव्हा रात्रंदिवस दवाखान्याबाहेर उभे होते, मी बघितलंय. त्यांना खरंच वाटतं की ते तिचं बघतील. पण "आम्ही बघतो" म्हणजे पुन्हा अन्नवस्त्रच ना?

शनिवारी दुपारी मावशीच्या सोप्यावर बसून मी तिला जेवढं समजलं तेवढं सांगितलं. वारसाची नोंद लावायला हक्कसोड लागत नाही, ती तशीच लागते. सातबाऱ्यावर नाव आलं म्हणून दीर बेघर होत नाहीत. आणि एकदा नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र फिरवणं फार अवघड. सही करण्याआधी एका वकिलाला दाखव, दिराने आणलेल्या नव्हे, आपल्या.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "अरे, वकिलाचं ठीक आहे. पण मोटर एक, विहीर एक, अंगण एक. उद्यापासून जाऊबाई बोलायच्या बंद झाल्या तर मी कोणाशी बोलू? तू तर पुण्याला."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

तिने आणखी एक सांगितलं. गेल्या वर्षी पुतणीच्या लग्नात हळदीच्या वेळी ती आपणहून मागे जाऊन उभी राहिली. कोणी सांगितलं नव्हतं. "सांगायची वेळ कशाला आणायची?" मला एकदम हेरवाड आठवलं. कोल्हापूर जिल्ह्यातलं हे गाव. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकी गावांनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं. आणि ही मोहीम चालवणारे प्रमोद झिंजाडे आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले, करमाळ्याचे. माझ्या पश्चात माझ्या बायकोवर असली सक्ती करू नये, असं प्रतिज्ञापत्र त्यांनी स्वतः करून ठेवलं. मी मावशीला हे सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "तुझ्या काकांनी कशाला करायचं असलं काही? त्यांना वाटलं होतं का जातील म्हणून?"

निघताना मुद्दाम वाट वाकडी करून बालकाश्रमाच्या बाजूने गेलो. १८७५ मध्ये त्या दाराशी रात्री येऊन उभी राहिलेली एखादी विशीतली मुलगी डोळ्यासमोर आणायचा प्रयत्न केला. तिच्याकडे कायदा होता, एकोणीस वर्षं जुना. उपयोग मात्र त्या दाराचा झाला, कारण ते उघडं होतं आणि आत कोणी नाव विचारत नव्हतं. लालशंकरांना हे समजलं होतं असं मला वाटतं. कायद्याचा माणूस असून त्यांनी दार उघडं ठेवायचं काम केलं. मावशीला नुसती कलमं सांगून मी मोकळा झालो, तर त्यात दाराचं काम कोण करणार?

सोमवारी संध्याकाळी तिचा फोन आला. सही केली नाही. "मला थोडं थांबायचंय" एवढंच म्हणाली ती दिरांना. ते काही बोलले नाहीत, जाऊबाईही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मोटर मात्र नेहमीप्रमाणे त्यांनीच लावली, असं तिने दोनदा सांगितलं.

मी या शनिवारी पुन्हा जातोय. वकिलाकडे तिच्याबरोबर जायचंय. आणि त्यानंतर तिच्या जाऊबाईंकडे चहाला, मावशीला घेऊन. दुसरं काम जास्त अवघड आहे.

असो. तुमच्या घरातही असा एखादा कागद सहीसाठी पडून असेल, तर एकदा वाचून बघा कोणाच्या नावापुढे सही मागितलीय ते.